वाचकांचे प्रश्न: सकाळचं सिरियल खरंच किती हेल्दी?

मागच्या अंकात शाळेच्या डब्यावर लिहिलं होतं आणि पत्रं आली ती बरीचशी डब्याआधीच्या वाटीबद्दल, म्हणजे कॉर्नफ्लेक्स, चॉकलेटवाले गोळे, म्युसली, मसाला ओट्स, हे सगळं खावं की नाही, मुलांना द्यावं की नाही. प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत म्हणून या वेळी सगळे एकत्रच घेतेय. पहिल्या उत्तरात लेबल कसं वाचायचं ते जरा सविस्तर लिहिलंय, पुढच्या उत्तरांना तेच लागणार आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न शेवटचा असला तरी आधी ते वाचा.

प्रश्न: ताई, माझा मुलगा पहिलीत आहे, 6 वर्षांचा. सकाळी बस लवकर येते आणि तो चॉकलेटचं सिरियल सोडून दुसरं काही तोंडात घेत नाही. बॉक्सवर होल ग्रेन, आयर्न, कॅल्शियम, व्हिटॅमिन्स असं सगळं लिहिलंय. सासूबाई म्हणतात ही नुसती साखर आहे. रोज यावरून घरात वाद होतो. नक्की बरोबर कोण? (एक आई, डोंबिवली)

सासूबाईंचं बरंचसं बरोबर आहे, पण तुम्ही काही तरी भयंकर खाऊ घालताय असंही नाहीये, त्यामुळे आधी तो अपराधी भाव मनातून काढून टाका.

आता बॉक्स हातात घ्या आणि मागची बाजू बघा. पुढच्या बाजूवर काय मोठ्या अक्षरात छापायचं हे कंपनी ठरवते, मागच्या बाजूवर काय असलंच पाहिजे हे एफएसएसएआय, म्हणजे अन्नपदार्थांवर नियंत्रण ठेवणारी आपली सरकारी संस्था ठरवते. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. साखर दुसऱ्या नंबरवर असेल तर धान्याखालोखाल सगळ्यात जास्त साखरच आहे, इतकं सरळ आहे ते. आणि साखर एकाच नावाने येत नाही, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, मध, गूळ, खजुराचं सिरप अशी वेगवेगळी नावं यादीत विखुरलेली असतात आणि प्रत्येकाचं वजन वेगळं धरल्यामुळे ती खाली खाली जातात, म्हणून यादी पूर्ण वाचायची, पहिल्या दोन नावांवर थांबायचं नाही.

मग पोषणाचा तक्ता. त्यात दोन रकाने असतात, 100 ग्रॅमचा आणि एका सर्व्हिंगचा, म्हणजे एका वेळी खायच्या भागाचा. तुलना करायची ती कायम 100 ग्रॅमच्या रकान्यावरून, कारण सर्व्हिंग किती धरायचं ते प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. चॉकलेटवाल्या सिरियलमध्ये 100 ग्रॅममागे साधारण 25 ते 35 ग्रॅम साखर असते, साध्या कॉर्नफ्लेक्समध्ये 8 ते 10 च्या आसपास. तुमच्या बॉक्सवर 30 आहे असं धरू. सर्व्हिंग बहुतेक वेळा 30 ग्रॅमचं असतं, म्हणजे 9 ग्रॅम साखर, आणि त्याच्यापुढे टक्का असतो 18. वाचून वाटतं ठीक आहे की, 18 टक्केच तर आहे. पण तो टक्का 2000 कॅलरी खाणाऱ्या मोठ्या माणसाचा आहे, त्याला दिवसाला वरून घातलेली साखर 50 ग्रॅम धरून काढलेला! तुमच्या मुलाच्या वयाला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबाने दिवसाला साधारण 1360 कॅलरी लागतात. डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना सांगते की अशी साखर एकूण कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा आणि जमलं तर 5 टक्क्यांच्या आत. 5 टक्के म्हणजे त्याच्यासाठी फक्त 17 ग्रॅम.

आणि वाटीत 30 ग्रॅम कोण घालतं? घरात वजनकाटा असेल तर उद्या सकाळी तो रोज जेवढं घेतो तेवढं मोजून बघा, नेहमीच्या खोलगट बोलमध्ये सहज 45 ग्रॅम जातं. म्हणजे साडेतेरा ग्रॅम साखर, चहाचे जवळपास तीन चमचे, आणि हे दुधात ती चॉकलेटची पावडर घालायच्या आधी. ती पण घालत असाल तर दिवसभराचा कोटा शाळेच्या बसमध्ये बसायच्या आतच संपला.

आता व्हिटॅमिन आणि आयर्न. ते खोटं नाहीये, वरून घातलेलं असतं आणि जे लिहिलंय ते त्यात असतं. पण त्यामुळे साखर कमी होत नाही, दोन्ही गोष्टी एकाच वाटीत असतात. पुढच्या बाजूवरच्या दाव्यांबद्दल मी इतकी काटेकोर का आहे ते एका उदाहरणावरून सांगते. अमेरिकेत केलॉग्जने फ्रॉस्टेड मिनी-व्हीट्सची जाहिरात केली होती की हे खाल्ल्यावर मुलांचं लक्ष जवळपास 20 टक्क्यांनी वाढतं, तसं क्लिनिकली सिद्ध झालंय. 2009 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने ते प्रकरण हातात घेतलं तेव्हा दिसलं की त्या अभ्यासातल्या निम्म्या मुलांत काहीच सुधारणा नव्हती आणि 20 टक्के किंवा जास्त सुधारलेलं मूल नऊ जणांत एखादंच होतं. शिवाय तुलना केली होती ती सकाळी नुसतं पाणी प्यायलेल्या मुलांशी. उपाशी मुलापेक्षा काहीही खाल्लेलं मूल बरं लक्ष देणारच ना! ब्रिटनमध्ये 2022 साली याच कंपनीने कोर्टात सांगितलं की सिरियल कोणी कोरडं खात नाही, दुधासकट मोजा, तर कोर्टाने ते मान्य केलं नाही, दूध घातल्याने सिरियलमधली साखर काही कमी होत नाही असंच म्हटलं. चिलीने तर 2016 पासून जास्त साखरेच्या पाकिटांवर काळा अष्टकोनी शिक्का लावला आणि अशा बॉक्सवरची कार्टून काढायला लावली. आपल्याकडे 2022 मध्ये पाकिटाच्या पुढच्या बाजूला स्टार देण्याचा मसुदा आला होता, स्टारपेक्षा असा सरळ इशारा आईबापांना जास्त उपयोगी पडेल असं माझं स्पष्ट मत आहे, कारण दीड स्टार पण स्टारच वाटतो.

करायचं काय? एकदम बंद करू नका, सकाळी साडेसहाला रडारड नको. चॉकलेटवालं अर्धं आणि साधे कॉर्नफ्लेक्स किंवा गव्हाचे फ्लेक्स अर्धे असं मिक्स करा, दर आठवड्याला चॉकलेटवालं थोडं थोडं कमी करत न्या. दुधात पावडर नाही, साखर नाही, गोडीला पिकलेल्या केळ्याच्या चकत्या घाला. बरोबर चार बदाम किंवा मूठभर भाजलेले शेंगदाणे द्या, कारण सिरियलमध्ये प्रोटीन कमी असतं आणि म्हणूनच दहा वाजता पोट ओरडायला लागतं. आणि रविवारी चॉकलेटवालं खाऊ दे त्याला, खाऊ म्हणून. तो खाऊच आहे, फक्त रोजचा नाश्ता म्हणून नको.

सासूबाईंना ही आकडेमोड दाखवा, पण त्यांच्या शिऱ्यातली साखर पण मोजायला लावा!

प्रश्न: आम्ही दोघंही आयटीत, हिंजवडीला जायला सकाळी लवकर निघतो, स्वयंपाकाला दहा मिनिटंसुद्धा नसतात. महागडी म्युसली आणि ग्रॅनोला आणतो, एकावर नो अ‍ॅडेड शुगर आहे, दुसऱ्यावर हनी अँड आल्मंड. हे तरी चांगलं आहे ना? (पुणे)

दोन्ही एक नाहीत हे आधी लक्षात घ्या. म्युसली म्हणजे कोरडे फ्लेक्स, सुकामेवा, बिया. ग्रॅनोला म्हणजे तेच सगळं तेल आणि मध किंवा साखरेत घोळवून भट्टीत कुरकुरीत केलेलं. म्हणून ग्रॅनोला चवीला भारी लागतो आणि कॅलरीलाही. म्युसलीची मूळ कल्पना झुरिकच्या डॉक्टर बिर्खर-बेन्नर यांची, साधारण 1900 च्या सुमाराची, आणि त्यांच्या वाटीत मुख्य पदार्थ होता किसलेलं सफरचंद, ओट्स फक्त चमचाभर आणि तेही रात्रभर भिजवलेले. आज दुकानातल्या पाकिटात नेमकं उलटं असतं.

नो अ‍ॅडेड शुगर म्हणजे साखर नाही असा अर्थ नाही, वरून घातलेली नाही एवढाच. मनुका, खजूर भरपूर असतील तर टोटल शुगरचा आकडा तरी वीसच्या घरात जाऊ शकतो. फळासोबत फायबर येतं म्हणून ती साखर पांढऱ्या साखरेइतकी वाईट मी मानत नाही, पण डायबेटीस असेल तर मोजायलाच हवी. मध मात्र साखरेतच धरायचा, डब्ल्यूएचओही तसाच धरते. यादीत माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) दिसलं तर तेही लक्षात घ्या, ते तक्त्यात साखर म्हणून मोजलं जात नाही पण रक्तातली साखर भराभर वाढवतं.

आणि हनी अँड आल्मंड वाचलंत तर आल्मंड किती ते शोधा. बॉक्सवर ज्या पदार्थाचं नाव किंवा चित्र मिरवलंय त्याचा टक्का घटकांच्या यादीत द्यावाच लागतो. चित्रात बदामाचा ढीग आणि यादीत 3 टक्के असं दिसलं की निर्णय आपोआप होतो. मल्टीग्रेन, नाचणीवाले, ज्वारीवाले फ्लेक्स घेताना पण हेच करा. 2023 मिलेट वर्ष झाल्यापासून नाचणीचं चित्र खूप बॉक्सवर आलंय आणि आत बऱ्याचदा मका किंवा गहूच जास्त असतो.

माझी मापं सांगते, 100 ग्रॅममागे साखर 5 ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम, कायद्यानेही लो शुगर लिहायची मर्यादा तीच आहे. 10 पर्यंत चालेल. 15 च्या वर असेल तर रोजच्यासाठी सोडून द्या. फायबर 6 च्या वर पाहिजे, हाय फायबर लिहायला तेवढं लागतंच. तुम्हाला खरं तर महाग पाकिटाची गरजच नाहीये, जाड रोल्ड ओट्स, थोडे जवस, शेंगदाणे किंवा अक्रोड रात्री दह्यात भिजवून फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी वरून डाळिंब किंवा सफरचंद, दोन मिनिटांत तयार आणि डब्यात घालून गाडीतही नेता येतं.

प्रश्न: मी 64 वर्षांचा, 12 वर्षं डायबेटीस. डॉक्टरांनी ओट्स खा सांगितलं. साधे ओट्स घशाखाली उतरत नाहीत म्हणून मसाला ओट्सचं पाकीट घेतो. चालेल ना? (नाशिक)

काका, डॉक्टरांनी सांगितलं ते योग्यच आहे, फक्त कुठले ओट्स ते बोलायचं राहिलं असावं. ओट्समध्ये बीटा-ग्लुकॉन नावाचं चिकट फायबर असतं, तेच कोलेस्टेरॉल कमी करायला मदत करतं, दिवसाला 3 ग्रॅम पोटात गेलं तर फायदा दिसतो हे 1997 मध्येच अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध नियंत्रण संस्थेने मान्य केलं. ओट्समध्ये ते साधारण 4 टक्के, म्हणजे 40 ग्रॅमच्या वाटीतून दीड ग्रॅमच्या आसपास. निम्मं काम झालं, बाकी दिवसभरात.

पण धान्य जितकं बारीक आणि आधीच शिजवलेलं तितकी साखर लवकर चढते. एखादा पदार्थ रक्तातली साखर किती भराभर चढवतो ते सांगणारा आकडा म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स, जास्त आकडा म्हणजे जास्त वेग. त्याच्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात जाड रोल्ड ओट्सची लापशी 55 ला आहे आणि इन्स्टंट ओट्सची 79 ला, कॉर्नफ्लेक्स 81 ला. म्हणजे नाव ओट्सच, पण झटपटवाले जवळपास कॉर्नफ्लेक्सच्या शेजारी जाऊन बसतात. मसाला ओट्स बहुतेक झटपट शिजणारेच असतात, वर मीठ. समजा पाकिटावर 100 ग्रॅमला 1000 मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय आणि पाकीट 40 ग्रॅमचं आहे, तर 400 मिलिग्रॅम झालं, दिवसभराच्या 2000 च्या मर्यादेतला पाचवा हिस्सा एका वाटीत. तुम्हाला बीपी पण असेल तर हे महत्त्वाचं आहे.

घशाखाली उतरवायचा उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. जाड ओट्स कोरडे भाजून घ्या, मग उपम्यासारखी फोडणी, मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, कांदा, गाजर, मटार, फरसबी, भाज्या ओट्सइतक्याच किंवा जास्त, मीठ बेताचं, वरून लिंबू आणि कोथिंबीर. बरोबर एक अंडं किंवा वाटीभर मोडाची उसळ. आणि एक करा, ज्या दिवशी खाल त्या दिवशी पहिल्या घासापासून दोन तासांनी घरच्या ग्लुकोमीटरवर साखर बघा, दुसऱ्या दिवशी पाकिटवाले खाऊन बघा. तुमच्या शरीराचं उत्तर कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त खरं. आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा, गोळ्यांत बदल मात्र स्वतःहून नको.

प्रश्न: हे परदेशी खाणं कशाला? आपले पोहे, उपमा, साबुदाणा खिचडी यांच्यासारखं पौष्टिक काही नाही हे तुम्ही ठणकावून का सांगत नाही? (सांगली)

सांगितलं असतं, पण मापं एकच लावायची असं मी ठरवलंय. जे माप बॉक्सला तेच कढईला. कॉर्नफ्लेक्स मक्याचे आणि पोहे तांदळाचे, दोन्ही मुळात दाबून चपटं केलेलं धान्य, दोन्हीत मुख्य पदार्थ स्टार्च आणि प्रोटीन 100 ग्रॅमला साधारण 7 ग्रॅम. फरक पडतो तो आपण त्यात काय घालतो त्याने. शेंगदाण्यात 100 ग्रॅमला 25 ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणून पोह्यात मूठभर शेंगदाणे, मटार घातले, वर लिंबू पिळलं, की तो खरोखर चांगला नाश्ता होतो, लिंबातल्या क व्हिटॅमिनने पोह्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. लगेच वर चहा प्यायलात तर मात्र तो फायदा बराच जातो, चहा तासाभराने घ्या. पण शेंगदाणे दहा दाणे, तेल पळीभर, साखर दोन चमचे आणि वर शेवेचा डोंगर असे पोहे असतील तर ते सिरियलपेक्षा बरे असं मी म्हणू शकत नाही. साबुदाणा तर जवळपास शुद्ध स्टार्च, त्यातलं जे काही पोषण आहे ते दाण्याच्या कुटाचं. उपासाला खा, रोजचा नाश्ता म्हणून नको.

आणि परदेशी म्हणाल तर केलॉग्ज भारतात आलं 1994 मध्ये आणि कारखाना टाकला आपल्या तळोज्यात. सुरुवातीला खप होईना त्यातलं एक कारण दूध होतं, आपण गरम दूध ओतायचो आणि फ्लेक्सचा लगदा व्हायचा. आज आजीसुद्धा नातवाला थंड दुधात घालून देते. सवय इतकी बदललीय म्हणूनच नुसतं नको म्हणून भागत नाही, वाचून निवडायला शिकावं लागतं.

थालीपीठ, मुगाचं धिरडं, आंबोळी, नाचणीची भाकरी आणि लोणी, यांच्या बाजूने मात्र मी कितीही ठणकावून बोलायला तयार आहे. भाजणीत डाळी असतात, धिरडं तर डाळीचंच, तिथे कुठलं सिरियल जवळपास येत नाही.

प्रश्न: इथे न्यू जर्सीत सिरियलची अख्खी गल्ली असते दुकानात, मुलं रंगीत बॉक्सच ओढतात. पटकन निवडायचा काही नियम? (न्यू जर्सी)

तुमच्याकडे लेबलवर अ‍ॅडेड शुगरची वेगळी ओळ असते, तिथेच नजर टाका. सर्व्हिंगला 5 ग्रॅम किंवा कमी, पहिला घटक होल ग्रेन असा शब्द लिहिलेलं धान्य, आणि फायबर 3 ग्रॅम किंवा जास्त. तिन्ही जमलं तर गाडीत टाका. डब्ल्यूआयसी, म्हणजे कमी उत्पन्नाच्या आया आणि लहान मुलांसाठीच्या तिथल्या सरकारी अन्न योजनेत सिरियलला औंसामागे (साधारण 28 ग्रॅममागे) वरून घातलेल्या 6 ग्रॅम साखरेची मर्यादा आहे, त्यामुळे दुकानात ज्या शेल्फवर डब्ल्यूआयसीची चिठ्ठी दिसेल तिथून शोधायला सुरुवात केली तर निम्मी गल्ली आपोआप वगळली जाते. मुलांना त्यातल्या दोन-तीन बॉक्समधून निवडू द्या, निवडलं आपणच असं वाटलं की खातात.

प्रश्न: बाळ 8 महिन्यांचं आहे. कॉर्नफ्लेक्स दुधात कुस्करून दिले तर चालतील का? शेजारच्या वहिनी देतात. (लातूर)

नको. त्यात मीठ आणि साखर दोन्ही असतं आणि दोन वर्षांपर्यंत बाळाला वरची साखर द्यायचीच नाही. मधही नाही, एक वर्षाच्या आत मधातून बोट्युलिझमचा (जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या आजाराचा) धोका असतो, तो दुर्मीळ असला तरी गंभीर आहे. नाचणी रात्रभर भिजवून, मोड आणून, वाळवून दळा, बारीक चाळणीने चाळा, एक चमचा पीठ पाण्यात नीट कालवून मंद आचेवर चकचकीत होईपर्यंत शिजवा, वरून पाव चमचा साजूक तूप. नाचणीत 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. दुसऱ्या दिवशी मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, त्यात गाजर किंवा लाल भोपळा कुस्करून. नवीन पदार्थ एका वेळी एकच सुरू करा, तीन दिवस तोच द्या, अंगावर पुरळ किंवा पोट बिघडलं तर थांबवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि अंगावरचं दूध चालूच ठेवा, हे सगळं त्याच्या जोडीला आहे.